ख्रिस्तवासी फादर फ्रान्सिस दिब्रिटो : एक ऋणस्मरण

(रौप्यमहोत्सवी वर्षातील स्मरणसभेत आपल्या धर्मगुरूंनी केलेले भाषण)



घरात मंगलकार्य निघाले म्हणजे जे वडीलधारे आज हयात नाहीत त्यांची आठवण प्रथम काढावी, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवी वर्षात त्याच रीतीस अनुसरून आम्ही एका दिवंगत स्नेह्याविषयी चार शब्द बोलू इच्छितो. २५ जुलै २०२४ रोजी फादर फ्रान्सिस दिब्रिटो ख्रिस्तवासी झाले. ते वसई धर्मप्रांताचे, आम्ही पुणे धर्मप्रांताचे. ते वयाने आम्हांहून पुष्कळ वडील. तथापि गुरुदीक्षेने जे बंधुत्व येते ते आमचे त्यांच्याशी होते, आणि वाचकाचे लेखकाशी जे मैत्र जुळते तेही होते. या दुहेरी नात्याने आम्ही त्यांस आपला मित्र म्हणतो.

वसईतील नंदाखाल हे त्यांचे गाव. १९७२ साली त्यांस गुरुदीक्षा मिळाली. १९८३ पासून २००७ पर्यंत त्यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले. आम्ही सेमिनरीत विद्यार्थी असता तो अंक हातोहात फिरे. देवाधर्माविषयी इतक्या सोप्या, प्रसन्न मराठीत लिहिता येते, हे आम्हांस त्या पानांनी शिकविले. पुढे त्यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले. जे मराठी वाचक कधी आपल्या चर्चची पायरी चढले नसते, त्यांच्या घरी पवित्र शास्त्र त्यांच्याच बोलीत जाऊन पोहोचले. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात राहून मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले व ते १६१६ साली छापले गेले; त्या परंपरेचा धागा या वसईच्या पुत्राने आपल्या काळात पुन्हा हाती घेतला.

परंतु बंधुभगिनींनो, आज आम्ही येथे उभे आहोत ते केवळ स्तुती करण्यास नव्हे. आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून वसईच्या हिरव्या पट्ट्यावर बांधकामाची लाट आली. केळीच्या बागा, पानवेली आणि फुलांच्या वाड्या यांवर जगणारा तो मुलूख. वाडीतील विहिरींचे पाणी टँकरने शहराकडे जाऊ लागले. समुद्रकाठच्या जमिनीतून गोडे पाणी बेसुमार उपसले की त्या जागी खारे पाणी शिरते. तेही भय होते. त्यात गुंडगिरीची दहशत. अशा वेळी फादर दिब्रिटो ‘हरित वसई संरक्षण समिती’च्या चळवळीत पुढे झाले, आणि ख्रिस्ती व हिंदू शेतकरी खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

त्या दिवसांत आम्ही सेमिनरीत मित्रांशी वाद घालताना मोठ्या ठामपणे म्हणालो होतो की, धर्मगुरूने वेदी सांभाळावी. जमीन आणि पाणी यांचे तंटे हे त्याचे काम नव्हे. हे म्हणताना आम्ही स्वतःस फार धर्मनिष्ठ समजत होतो, याची आज लाज वाटते.

पुढे अनेक वर्षांनी, येथे मुळशीत आल्यावर, एका मिस्सेच्या वाचनात नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा आली. अहाब राजाला तो मळा हवा होता. मोबदला देण्यास तो तयारही होता. परंतु नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचे वतन मी देणार नाही. तेवढ्यासाठी खोटा आळ घेऊन त्यास ठार करण्यात आले; आणि परमेश्वराने एलीया संदेष्ट्यास राजवाड्यात न पाठविता त्या बळकावलेल्या मळ्यातच राजासमोर उभे केले. प्रवचन लिहीत असता आमची लेखणी येथे थांबली. जे एलीयाने केले तेच वसईत आमच्या बंधूने केले होते, आणि आम्ही त्यास वेदी सोडणे म्हणालो होतो. पोप फ्रान्सिस यांनी सृष्टीच्या जतनाविषयीचे ‘लाउदातो सी’ हे विश्वपत्र २०१५ साली लिहिले. फादर दिब्रिटो यांनी त्यासाठी विश्वपत्राची वाट पाहिली नव्हती.

त्या रात्री आम्ही त्यांस पत्र लिहावयास घेतले. आमचा तो जुना वाद त्यांस ठाऊकही नव्हता. तरी क्षमा मागावी असे मनात होते. मायना लिहिला, आणि पुढे उद्या, परवा करीत ते राहून गेले. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबाद येथे, ज्यास आता धाराशिव म्हणतात, ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीस काहींनी विरोध केला होता. तो त्यांनी कटुता न आणता सोसला. तेव्हाही पत्र पाठविण्याचे निमित्त होते. तेही आम्ही दवडले. मग निधनाची वार्ता आली. ज्या पत्राचा पत्ताच आता उरला नाही, ते पत्र म्हणून हे भाषण आपण समजावे.

मुळशीकरांस या गोष्टी परक्या वाटू नयेत. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, याच खोऱ्यात शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी वाचविण्यासाठी सत्याग्रह आरंभिला. टाटा कंपनीच्या वीजनिर्मितीसाठी धरण होत होते व मावळ्यांची गावे पाण्याखाली जाणार होती. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्या लढ्याचे पुढारी. बापटांस ‘सेनापती’ हे नाव याच लढ्याने दिले. धरण झाले, गावे बुडाली. पण तो लढा व्यर्थ गेला असे कोण म्हणेल? आजही येथील डोंगर आणि शेते विकली जात आहेत, आणि विकणाऱ्याच्या हाती पैसा किती दिवस टिकतो हे आपण जाणता. वसईची वाडी आणि मुळशीचे शेत यांत अंतर फार नाही.

म्हणून आमची आपणांस दोन मागणी आहेत. एक, आपल्या मुलांस शुद्ध व सोप्या मराठीत प्रार्थना करण्यास शिकवा. दुसरी, शेजाऱ्यावर अन्याय होत असता हे आपले काम नव्हे असे म्हणू नका. आम्ही ते म्हणालो होतो, त्याचे शल्य अजून आहे. आणि ज्याचे ऋण मनात आहे त्यास ते आजच सांगा. पत्र अर्धे ठेवू नका.

हे प्रभो, तुझ्या या सेवकास चिरशांती दे, आणि तुझ्या अखंड प्रकाशात त्यास ठेव. आमेन.