खटला अंगावर आला, आता कमिटीने काय करायचं?

मी कोडिंगवाला माणूस, घोड्यांशी माझा संबंध बुद्धिबळाच्या पटापुरता. तरी आज घोड्यांच्या एका संघटनेवर झालेल्या खटल्याबद्दल बोलू या. कुठल्याही कमिटीवर बसणाऱ्याने तो ऐकावा असा आहे.

अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशन ही १९४० सालची संघटना, मुख्यालय टेक्सासमध्ये. तिच्या स्टडबुकात, म्हणजे वंशनोंदवहीत, घोड्याचं नाव नसेल तर या जातीच्या शर्यती आणि शो त्याला बंद. साहजिकच किंमतही पडते. २००४ मध्ये संघटनेने ठरवलं, क्लोन घोड्यांची नोंद करायची नाही.

२०१२ मध्ये क्लोनिंगवाले कोर्टात गेले. आरोप काय? नोंदणी कमिटीतले काही जण स्वतःच महागडे घोडे पैदा करतात, म्हणून त्यांनी संगनमताने नव्या स्पर्धकांना दार बंद केलं. २०१३ मध्ये ज्युरीचा कौल संघटनेविरुद्ध गेला, भरपाई मात्र शून्य! क्लोनची नोंद करा, असा आदेशही निघाला. जानेवारी २०१५ मध्ये अपील कोर्टाने सगळं उलटवलं. संगनमताचा पुरावा पुरेसा नाही, आणि संघटना स्वतः त्या घोड्यांच्या बाजारात स्पर्धक नाहीच, असं कोर्टाने म्हटलं.

गंमत बघा. क्लोनिंग चांगलं की वाईट, यावर हा खटला नव्हताच. नियम कोणी केला आणि कशासाठी, यावर होता.

म्हणून नेतृत्वाची चार कामं. एक, नोटीस आली की काहीही डिलीट करायचं नाही. ईमेल, मिनिट्स, व्हॉट्सॲप, सगळं जपायचं. दोन, ज्याचा धंदा त्या निर्णयात अडकलाय त्याने तसं सांगून बाजूला बसायचं. आपलाच कोड आपणच अप्रूव्ह करत नाही ना आपण? तीन, बाहेर एकानेच बोलायचं, पण सभासदांना अंधारात ठेवायचं नाही. खर्च त्यांच्याच वर्गणीतून होणार असतो.

चौथं काम खटल्याच्या कितीतरी आधीचं. प्रत्येक नियमाचं कारण त्याच दिवशी लिहून ठेवायचं. वकील कितीही भारी असला, तरी तो लढतो तुमच्या जुन्या कागदांवरच.

तुमच्या कमिटीची मागच्या मीटिंगची मिनिट्स आहेत का? आजच बघा. भेटू पुढच्या भागात!