पुण्याच्या मुलाखतीची घरातली तयारी

(गणेशोत्सवातील विद्यार्थी मार्गदर्शन कार्यक्रमात केलेले भाषण)



समाजाच्या सभागृहात मुलांकडून मुलाखतीचा सराव करून घेणारे आम्ही चार-पाच जण आहोत. आमच्यात डॉक्टर कोणीच नाही. एक निवृत्त शिक्षिका, बँकेतले एक काका, लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदार साहेब, आणि आम्ही पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागलेले. बोलायची पाळी आमच्यावर आली, कारण बाकीचे म्हणाले, कागदपत्रांचे तुम्हालाच जास्त कळते.

पहिली गोष्ट. एमबीबीएस किंवा बीडीएसला आता बहुतेक ठिकाणी मुलाखत नसते. नीटचे ७२० पैकी गुण, मग काउन्सेलिंग आणि कागदपत्रांची तपासणी. मोठा अपवाद आहे तो पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचा, म्हणजे एएफएमसीचा. ही संस्था १९४८ची, आणि १९६२पासून तिथे एमबीबीएसचे विद्यार्थी शिकतात. नीट दिल्यावर केंद्रीय काउन्सेलिंगच्या वेळी एएफएमसीसाठी वेगळी नोंदणी करावी लागते. गुणांवरून निवडलेल्या मुलांना पुण्याला बोलावतात. तिथे संगणकावर इंग्रजी आकलनाची आणि तर्काची परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, मग लष्करी अधिकाऱ्यांसमोर मुलाखत आणि शेवटी वैद्यकीय तपासणी. अलीकडे मुलाखतीला ५० गुण असतात. नियम बदलतात, म्हणून यंदाचे माहितीपत्रक स्वतः वाचा. क्लासवाल्यांच्या सांगण्यावर राहू नका.

आता कागद. आपल्या मराठी घरांत एक अडचण हमखास निघते. दहावीच्या मार्कशीटवर मुलाचे नाव आणि आडनाव एवढेच असते, वडिलांचे नाव वेगळ्या ओळीत. आणि आधार कार्ड काढताना आपण आपल्या पद्धतीने वडिलांचे नाव मध्ये घातलेले असते. आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग तर आजोबांचे वेगळे, वडिलांचे वेगळे, मुलाचे तिसरेच. घरात कोणाला त्याचे काही वाटत नाही, पण खिडकीपलीकडचा बाबू काय करील? त्याच्यापुढे दोन वेगळी नावे असतात. आम्ही स्वतः त्या खिडकीच्या आत बसतो, म्हणून सांगतो. नीटचा फॉर्म भरण्याआधी, अकरावीतच, सगळे कागद एका टेबलावर पसरून नाव अक्षर-अक्षर जुळवा. दुरुस्तीला महिने लागतात, आणि पुण्याचे बोलावणे आल्यावर हाताशी थोडेच दिवस असतात. दात, कान आणि डोळेही आधीच आपल्या डॉक्टरांना दाखवून ठेवा.

मुलाखतीत काय विचारतात? सुभेदार साहेबांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "इंदूरचे ना? मग महूला काय काय आहे?" आणि दहातली आठ मुले गप्प! पाताळपाणीचा धबधबा सांगतात, डॉ. आंबेडकरांचे जन्मस्थान सांगतात. ते बरोबरच आहे. पण घरापासून तासाभरावर इन्फन्ट्री स्कूल आहे, आर्मी वॉर कॉलेज आहे, लष्कराचे रुग्णालय आहे, हे लष्करी डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलाला ठाऊक नको का? पुस्तक पाठ करण्यापेक्षा एखाद्या रविवारी तिथे राहणाऱ्या ओळखीच्या फौजी कुटुंबाकडे जाऊन बसा. बदली म्हणजे काय, घर किती वेळा बांधावे-सोडावे लागते, हे त्या घरातल्या काकूंना विचारा. माधुरी कानिटकर याच कॉलेजात शिकल्या, २०२०मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या आणि पुढे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. मुलींनी त्यांच्याविषयी जरूर वाचावे.

पण खरे सांगायचे तर मुले माहितीत कमी पडत नाहीत. ती अडकतात "तुला लष्करातच का जायचे?" या एका प्रश्नावर. एएफएमसीत शिक्षणाची फी भरावी लागत नाही, पण पदवीनंतर सैन्याच्या वैद्यकीय सेवेत नोकरी करणे बंधनकारक आहे. शॉर्ट सर्व्हिस मिळाली तरी ७ वर्षे. सतराव्या-अठराव्या वर्षी तिशीपर्यंतचा शब्द द्यायचा. तो कोणी द्यायचा?

मागे एक मुलगी सरावाला आली. वडील मागच्या खुर्चीवर बसलेले. आम्ही प्रश्न विचारला की उत्तर मागून यायचे. "तिला लहानपणापासून वर्दीची आवड आहे हो!" ती मान हलवायची. शेवटी बाईंनी वडिलांना प्रेमाने व्हरांड्यात चहाला पाठवले आणि मुलीला म्हणाल्या, "बाळा, मराठीत सांग, हिंदीत सांग, कसेही सांग." थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "डॉक्टर व्हायचंच आहे. पण फौजमध्ये नाही. बाबांना प्रायव्हेट कॉलेजची फी झेपणार नाही, म्हणून मी हो म्हटलं."

आम्ही कोणी काही बोललो नाही. आत येऊन हे तिने स्वतःच वडिलांना सांगितले. त्या गृहस्थांचा चेहरा आम्हाला अजून आठवतो. रागावले मात्र नाहीत. एवढेच म्हणाले, "हे मला घरी का नाही सांगितलंस?" तिने पुण्याची नोंदणी केली नाही. राज्याच्या काउन्सेलिंगमध्ये तिला बीडीएसची सरकारी जागा मिळाली आणि ती आनंदाने शिकते आहे.

त्याच वर्षीचा एक मुलगा, इंग्रजी बेताचेच. त्याला हाच प्रश्न विचारल्यावर म्हणाला, "माझ्या आजीला गावाहून इंदूरला आणेपर्यंत उशीर झाला. जिथे डॉक्टर पोचत नाही तिथे मला पोचायचंय." तुटक इंग्रजीत म्हणाला, पण सुभेदार साहेब खुर्चीत सरळ होऊन बसले. त्या मुलाचे इंग्रजी आम्ही सुधारले, उत्तराला हात लावला नाही.

म्हणून पालकांना विनंती. पाहुणे आले आणि त्यांनी मुलाला "काय रे, पुढे काय करणार?" असे विचारले की आपण उत्तर देऊ नका. मुलगा अडखळेल, काहीतरी भलतेच बोलेल, बोलू द्या. रोज जेवताना दहा मिनिटे बातमीवर बोला आणि त्याचे मत तुमच्याहून वेगळे असेल तर तो का तसे म्हणतो ते विचारा. इंग्रजीची काळजी नंतर करू. ज्याला मराठीत स्वतःचे दोन शब्द सांगता येतात, त्याला ते इंग्रजीत आणायला महिनाभर पुरतो, असा आमचा अनुभव आहे.

विसर्जनानंतरच्या रविवारपासून सराव पुन्हा सुरू होईल. नावे समाजाच्या कार्यालयात द्यावीत, येताना आधार आणि दहावीची मार्कशीट आणावी. पालकांच्या चहाची सोय व्हरांड्यात केली आहे.