अठरावा उतारू



प्रवासी वाहतुकीचा कायदा हा विषय वसंत व्याख्यानमालेत रुक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु माकणीहून लोहाऱ्याला, उमरग्याला, लातूरला आपण जातो ते गाडीनेच. आणि भाडे ठरवून गाडीत पाय ठेवला की आपण एका कराराचे पक्षकार होतो. कागद नसतो, सही नसते. तरीही उतारूला सुखरूप पोहोचविण्यासाठी योग्य ती काळजी घेणे, हे त्या क्षणापासून वाहतूकदाराचे कायदेशीर कर्तव्य ठरते. तो काही उपकार करीत नसतो.

‘दादा, थोडं सरकून घ्या,’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे, आणि सरकलोही आहोत. ते सरकणे किती महाग पडते, याचा हिशेब फारसा कोणी करीत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन प्रत्येक जादा उतारूमागे २०० रुपये दंड ठरला. शिवाय जादा उतारू उतरवून त्यांची दुसरी सोय लावल्यावाचून गाडी हलू द्यावयाची नाही, असेही कलम आहे. दंड काय, भाड्यातून भरून निघतो. खरी गोष्ट विम्याची आहे.

विमा असतो तो परवान्यातल्या उतारूंचा. हिमाचल प्रदेशातील एका बसचा विमा ४२ उतारूंचा होता, आणि अपघात झाला तेव्हा आत त्याहून कितीतरी अधिक माणसे होती. त्या खटल्यात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला : मंजूर भरपायांपैकी सर्वांत मोठ्या ४२ रकमा विमा कंपनीने भराव्यात, ती रक्कम सर्व दावेदारांत प्रमाणात वाटावी, आणि बाकीची मालकाकडून वसूल करावी. आता समजा, नऊ उतारूंच्या जीपमध्ये अठरा जण बसले, आणि प्रत्येकाला १० लाख मंजूर झाले. कंपनी ९० लाख भरील. प्रत्येकाच्या पदरात पडतील ५ लाख. उरलेले ५ लाख जीपमालकाकडून! त्याची जीपच मोडून पडलेली असते; तो कोठून देणार? म्हणजे अठरावा उतारू नुसती जागा अडवीत नाही. पहिल्याच्या मुलाबाळांचा वाटाही तो नकळत निम्मा करतो.

लग्नाच्या वऱ्हाडाचे त्याहून वाईट. टेम्पो हे मालाचे वाहन. त्यातून बसून जाणाऱ्या माणसाचा भार कायद्याने विमा कंपनीवर टाकलेला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच स्पष्ट केले. मात्र १९९४ च्या दुरुस्तीने मालाबरोबर जाणाऱ्या मालधन्याला संरक्षण दिले आहे. तेव्हा आपली सोयाबीनची पोती घेऊन लातूरच्या आडतीला निघालेला शेतकरी विम्याच्या कक्षेत येतो, आणि त्याच टेम्पोतून दुसऱ्या दिवशी लग्नाला निघालेली त्याची पत्नी येत नाही. कायदा असा चमत्कारिक दिसतो खरा. पण भाड्याचे चार पैसे वाचविण्यापूर्वी तो ठाऊक असावा.

लांबच्या खासगी बसगाड्यांविषयी एकच सांगतो. १ जुलै २०२३ च्या रात्री समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस उलटली, पेटली, आणि २५ जीव गेले. संकटकाळचे दार कायद्याने सक्तीचे आहे. ते कोणत्या अंगाला आहे आणि त्याच्यापुढे बोचकी रचली आहेत काय, हे बसताना पाहावे व रचली असल्यास बेधडक बोलावे.

अपघात झालाच, तर चालकाची चूक सिद्ध न करताही मृत्यूबद्दल ५ लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख मागता येतात. अधिक हवे असल्यास चूक सिद्ध करावी लागते. दावा आपण राहतो त्या जिल्ह्याच्या न्यायाधिकरणात चालतो; अपघात परमुलखात झाला म्हणून तिकडे खेटे घालावे लागत नाहीत. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आली आहे. तिच्याविषयी न्यायालयात वाद उपस्थित झाला असला, तरी त्यावर विसंबून घरी बसू नये.

आणि रस्त्यात कोणी जखमी दिसला, तर पोलिसांच्या ससेमिऱ्याला भिऊन पुढे जाऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मदत करणाऱ्याने आपले नाव सांगितलेच पाहिजे, अशी सक्ती त्याच्यावर करता येत नाही.