परदेशचे गिऱ्हाईक : मिळवणे आणि टिकवणे

(महोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेतल्या शिक्षकाने परदेशी व्यापारावर बोलावे, हे आपणांपैकी कित्येकांना चमत्कारिक वाटले असेल. शंका रास्त आहे. मी स्वतः एका डॉलरचाही व्यवहार केलेला नाही. परंतु गेली काही वर्षे पालकसभेला येणारी मंडळी गुणपत्रिका बाजूस ठेवून मला निराळाच प्रश्न विचारू लागली आहेत. "सर, थोरला रात्रपाळीत अमेरिकेचे काम करतो. आता नोकरी सोडून चार मित्रांबरोबर स्वतःचे ऑफिस काढतो म्हणतो. काढू द्यावे का?" आपल्या बडोद्यात हा प्रश्न आज पुष्कळ घरांत आहे. सारे शहर झोपावयास लागले की अलकापुरीकडील कित्येक ऑफिसांतून कामाला सुरुवात होते. कोणी अमेरिकेतील कंपन्यांसाठी माणसे निवडतो, कोणी तिकडचे हिशेब लिहितो, कोणी सॉफ्टवेअर तयार करतो. तेव्हा हा धंदा कशावर उभा आहे, हे आपण समजून घेतलेले बरे. त्या निमित्ताने मी जे वाचले आणि माझ्या जुन्या विद्यार्थ्यांकडून जे ऐकले, ते आपणांपुढे ठेवतो.

सर्वसाधारण समजूत अशी की, आपण स्वस्त आहोत म्हणून गोरे लोक आपणांस काम देतात. हे अर्धेच खरे आहे. स्वस्ताईमुळे गिऱ्हाईक दाराशी येते. ते आत येऊन बसते ते दुसऱ्याच कारणाने.

या धंद्याचा आरंभ पाहिला म्हणजे पुष्कळ उलगडा होतो. १९७० नंतरच्या त्या पहिल्या वर्षांत नरेंद्र पटनी नावाचे गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी पूनम अमेरिकेत, केंब्रिज येथे राहत असत. अमेरिकेतील कागदपत्रे भारतात पाठवावीत, येथे ती संगणकाला वाचता येतील अशा रूपात उतरवून घ्यावीत आणि परत न्यावीत, अशी त्यांची कल्पना. पण हजारो मैलांवर बसलेल्या माणसास आपले म्हणणे बिनचूक कळेल काय? दराचा हिशेब पुढचा. आधी हे पाहिले पाहिजे, असे त्यांनी ठरविले. म्हणून आपल्या राहत्या घरात एक खोली अमेरिका आणि दुसरी भारत असे मानून त्यांनी प्रयोग केला. तोंडाने बोलावयाचे नाही; जे काय सांगावयाचे ते लिहूनच. (नवराबायकोने एका घरात न बोलता दिवस काढणे ही तशी नवी गोष्ट नव्हे, पण धंद्यासाठी काढल्याचे हे विरळा उदाहरण!) लेखी सूचनांवर काम होते, अशी खात्री पटल्यावर पुण्यात काम सुरू झाले. कागदी फितीवर मजकूर उतरवला जाई आणि ती फीत अमेरिकेस परत जाई. त्याच पटनींच्या कंपनीत काम केलेल्या सात अभियंत्यांनी १९८१ साली पुण्यात दहा हजार रुपयांवर इन्फोसिस काढली. त्यांचे पहिले परदेशी गिऱ्हाईक न्यूयॉर्कचे, डेटा बेसिक्स नावाचे. स्वतःचा संगणक नव्हता, तेव्हा माणसेच तिकडे जाऊन काम करीत.

आता पहिले गिऱ्हाईक मिळावे कसे? आपल्या शहराचे जुने उदाहरण घ्या. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १९०८ साली निघालेल्या बँक ऑफ बडोदाने १९५३ साली परदेशात शाखा काढल्या, त्या मोंबासा आणि कंपाला येथे. लंडन-न्यूयॉर्कला प्रथम नव्हे. पूर्व आफ्रिकेत गुजराती व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या होते आणि त्यांना हे नाव परके नव्हते. ओळख जेथे आधीच आहे, तेथे पहिले पाऊल टाकावे. बडोद्याची किती तरी कुटुंबे आज न्यू जर्सीत आणि लंडनच्या आसपास आहेत. त्यांतील एखाद्याचे दुकान, दवाखाना किंवा हिशेबाचे ऑफिस असते. पहिले लहानसे काम तेथूनच यावे. मात्र नातलगाचे काम म्हणून ते फुकट करू नये. फुकटच्या कामाची शिफारस कोणी करीत नाही.

दुसरे असे की, आपण नेमके काय करतो हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे. "आम्ही सर्व प्रकारची कामे करतो" अशी पाटी पुष्कळ ऑफिसांत दिसते. मुलाच्या लग्नाची शेरवानी शिवावयाची असली, तर "येथे सर्व प्रकारचे शिवणकाम केले जाईल" अशा दुकानात आपण जातो का? शेरवानीच शिवणारा शोधतो. पुण्याचे डॉ. आनंद देशपांडे अमेरिकेत माहितीसाठ्यांच्या शास्त्रात, म्हणजे डेटाबेसमध्ये, पीएच.डी. करून परत आले आणि १९९० साली त्यांनी पर्सिस्टंट ही कंपनी काढली, ती या शास्त्राच्या बळावर. त्याच वर्षी पुण्यातच रवी पंडित आणि किशोर पाटील या चार्टर्ड अकौंटंटांनी केपीआयटीची स्थापना केली. पुढे तिने मोटारींच्या सॉफ्टवेअरवर लक्ष एकवटले. इंजिने बनविणारी कमिन्स ही अमेरिकन कंपनी तिचे गिऱ्हाईक होती आणि भागीदारही झाली. २००२ पासून काही वर्षे कंपनीच्या नावातच कमिन्स हा शब्द होता. गिऱ्हाईक टिकणे म्हणजे काय, याचे यापेक्षा ठसठशीत उदाहरण मला ठाऊक नाही.

करारमदाराबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते काम वकिलाचे. तयार झालेल्या मालावर हक्क कोणाचा, गुप्तता कशी राखावयाची, तंटा झाल्यास कोणत्या देशाच्या न्यायालयात, आणि "काम पुरे झाले" असे केव्हा म्हणावयाचे, हे चार मुद्दे लेखी हवेत. चौथ्यावरून भांडणे अधिक होतात.

आता खरी गोम जेथे आहे तेथे येतो. आपणांस "नाही" म्हणता येत नाही. वडीलधाऱ्यांना, पाहुण्यांना, साहेबाला तोंडावर नकार देणे आपल्याकडे उद्धटपणाचे समजतात. मराठीत आपण "बघू या" म्हणतो, आणि या शहरात त्याला "थई जशे" असा जोड मिळालेला आहे. समोरचा आपल्यातला असला तर त्या "थई जशे"चा सूर ओळखून काय ते समजतो. लंडनचा माणूस समजत नाही. त्याच्या कानी "होय, होईल" एवढेच पडते आणि तो त्यावर आपल्या पुढच्या कामाची आखणी करतो.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे सांगतो. सात माणसांचे ऑफिस. इंग्लंडमधील एका दुकानदाराचे विक्रीचे संकेतस्थळ बनविण्याचे काम मिळाले. नाताळच्या खरेदीपूर्वी ते सुरू व्हावयाचे होते. पंधरा दिवस आधीच या मुलास कळून चुकले की, तारीख साधत नाही. तरीही दर पत्रात तो "सर्व काही वेळेवर" असेच लिहीत राहिला. त्याला वाटे, रात्रीचा दिवस करू आणि निभावून नेऊ. शेवटच्या संध्याकाळी सांगावे लागले. दुकानदाराने उत्तरात लिहिले ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. उशीर झाला याचे दुःख नाही. पंधरा दिवसांपूर्वी कळवले असते तर मी फोनवर मागण्या घेण्यासाठी दोन माणसे ठेवली असती. गिऱ्हाईक गेले. या मुलाचा दर इतरांपेक्षा बराच कमी होता, हे मुद्दाम सांगतो.

तेव्हापासून तो दर शुक्रवारी गिऱ्हाइकास एक पत्र पाठवतो. त्यात तीनच गोष्टी असतात : काय झाले, काय झाले नाही, आणि तुमच्याकडून मला काय हवे आहे. दुसऱ्या गोष्टीखाली लिहिण्यासारखे काहीच नसेल, तर तो स्वतःच संशय घेऊन पुन्हा तपासतो. ही सवय मी वर्गातील मुलांस लावण्याचा प्रयत्न करतो. "गृहपाठ झाला का?" या प्रश्नाला "अर्धा झाला, तिसरे गणित अडले" असे उत्तर देणारा मुलगा मला "हो सर" म्हणणाऱ्यापेक्षा अधिक भरवशाचा वाटतो.

भाषेच्या लहानसहान गोष्टीही आहेत. ०५/०६ असे लिहिले तर आपण पाच जून वाचतो, अमेरिकन सहा मे वाचतो. म्हणून महिन्याचे नाव अक्षरांनी लिहावे. न्यूयॉर्क आणि बडोदे यांत हिवाळ्यात साडेदहा तासांचे अंतर असते, उन्हाळ्यात साडेनऊ. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळे बदलतात आणि दरवर्षी कोणी ना कोणी बैठक चुकवतो.

याच्या जोडीला माणसे टिकवणे आले. दर तीन महिन्यांनी फोनवर नवा आवाज ऐकू आला की, गिऱ्हाईक प्रत्येकास पहिल्यापासून सांगून कंटाळते. पगार वेळेवर, रात्री मुलींना घरापर्यंत पोचवणारी गाडी, जेवणाची सोय, या गोष्टींना जो मालक खर्च समजतो, तो पुढे गिऱ्हाईक गमावून त्याची भरपाई करतो. आणि एक माझे वैयक्तिक मत. आपली मुले फोनवर स्वतःस जेम्स आणि सारा म्हणवून घेतात, ते मला रुचत नाही. सोय म्हणून करतात हे मला समजते. पण वर्षानुवर्षे विश्वास ठेवावा अशी ज्याच्याकडून अपेक्षा करावयाची, त्याला पहिलाच शब्द खोटा का सांगावा? अवघड नाव तिकडचे लोक दोन दिवसांत शिकतात.

विश्वासावरून अमानतीचा विचार येतो. दुसऱ्याने आपल्याजवळ ठेवलेली वस्तू जशीच्या तशी परत करणे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. परदेशी माणसाचा खातेक्रमांक, आजाराचा कागद, ग्राहकांची यादी ही अमानतच होय. २००५ साली पुण्यातील एका कॉल सेंटरच्या काही कर्मचाऱ्यांनी सिटीबँकेच्या अमेरिकन खातेदारांचे गुप्त क्रमांक मिळवून सुमारे साडेतीन लाख डॉलर वळवले. पोलिसांनी त्यांना पकडले. परंतु तिकडच्या वृत्तपत्रांनी त्या मूठभरांवरून साऱ्या भारतीय धंद्याकडे बोट दाखविले. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाण्याजवळ मिरा रोड येथे पोलिसांनी धाड घातली, तेथे तर अमेरिकेचे कर-अधिकारी असल्याची बतावणी करून लोकांना धमकावले जात होते. शेकडो तरुण-तरुणी त्या इमारतींत सापडल्या. त्यांपैकी कित्येकांच्या घरी "मुलगा कॉल सेंटरमध्ये आहे" एवढेच माहीत असणार. आईबापांनी नोकरीचा पगार विचारावा, तसे कामाचे स्वरूपही विचारावे. युरोपात २०१८ पासून कडक कायदा लागू आहे, आपल्याकडे २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. पण लहान ऑफिसात खरे काम साध्या शिस्तीने होते. मोबाइल बाहेर ठेवणे, आणि नोकरी सोडणाऱ्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद करणे.

गिऱ्हाईक टिकवावे, पण कोणत्याही किमतीस नव्हे. १९९५ साली इन्फोसिसचे सुमारे चतुर्थांश उत्पन्न एकट्या जनरल इलेक्ट्रिककडून येत होते. त्यांनी दर परवडेनासे खाली ओढले तेव्हा इन्फोसिसने नकार दिला आणि ते गिऱ्हाईक जाऊ दिले. त्यानंतर कोणा एकावर एवढे विसंबावयाचे नाही, असा दंडकच त्यांनी घातला. लहान ऑफिसांत नेमके उलट असते. एकच गिऱ्हाईक, आणि त्याच्या एका पत्राने सर्वांची झोप उडते.

सत्यमचे प्रकरण आपणांस आठवत असेल. ७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्या त्या मोठ्या कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतःच लिहून दिले की, हिशेबातील पाच हजार कोटींहून अधिक रक्कम प्रत्यक्षात नाहीच. काही गिऱ्हाइके तत्काळ गेली. पण पुष्कळशी थांबली, कारण खालची माणसे रोजच्याप्रमाणे कामावर येत राहिली आणि परदेशातील यंत्रणा एक दिवसही बंद पडू दिली नाहीत. सरकारने नवे संचालक नेमले आणि एप्रिलमध्ये पुण्याशी निकटचा संबंध असलेल्या टेक महिंद्राने ती कंपनी घेतली. वरच्यांनी घालवलेली पत खालच्यांनी काही अंशी राखली, असे माझे मत आहे.

सभेतून एक चिठ्ठी आली आहे : यंत्रच आता प्रोग्रॅम लिहू लागले, मग आमच्या मुलांचे काय? २०२२ च्या अखेरीपासून हा बदल झपाट्याने झाला, हे खरे. तासावर पैसे घेऊन साधे काम करणाऱ्यांना त्याचा फटका बसणार. जे काम अर्ध्या तासात होते त्याचे आठ तास लावता येणार नाहीत, आणि लावूही नयेत. यंत्र वापरले असेल तर तसे सांगावे आणि तासाऐवजी कामावर दर ठरवावा. यंत्राने लिहिलेले तपासून "हे चूक आहे" असे सांगणारा माणूस मात्र गिऱ्हाइकास अजून हवाच आहे.

शेवटी पैशाची एक गोष्ट, जी उत्साहात विसरली जाते. परदेशी गिऱ्हाईक बिल पोचल्यावर तीस, पंचेचाळीस, कधी साठ दिवसांनी पैसे पाठवते. आपल्या माणसांचा पगार मात्र एक तारखेस द्यावा लागतो. म्हणून ऑफिस काढण्यापूर्वी निदान सहा महिन्यांचे पगार आणि भाडे बाजूस ठेवलेले असावे, आणि ती रक्कम बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशातून काढलेली नसावी. निर्यातीवरील जीएसटीचे हमीपत्र दरवर्षी भरावयाचे असते. त्याची माहिती आपल्यातील हिशेबनीस मंडळी चहाच्या वेळी देतील.