जुना सीडी प्लेअर घ्यावा की नवा?

मध्यंतरी आमच्या शेजारच्या गावचे एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे आले. त्यांच्या घरी नाट्यसंगीताच्या आणि भजनांच्या शंभर-सव्वाशे सीडी आहेत. पैकी दोन तबकड्या निराळ्या. त्यांच्या वडिलांच्या भजनी मंडळाचा आवाज मुलाने २००३ साली संगणकावरून त्यांवर उतरवून दिला होता. वडील आता नाहीत, मंडळही राहिले नाही. अशात गुरुजींचे वाजवावयाचे यंत्र बंद पडले. तालुक्याला एका दुकानात जुना, चांगला वजनदार जपानी प्लेअर होता, आणि जवळजवळ त्याच किमतीत एक हलका नवा. "कोणता घेऊ?" हा त्यांचा प्रश्न.

आता हे यंत्र करते काय, ते आधी पाहू. सीडीचे पहिले प्लेअर १९८२ च्या ऑक्टोबरात जपानात विक्रीस आले. तबकडी १२ सेंटिमीटरची. तिच्यावर डोळ्यांस न दिसणारे बारीक खळगे असतात, आणि खालून लेसरचा किरण ते वाचतो. दर सेकंदाला आवाजाची ४४,१०० मापे! ग्रामोफोनची सुई कडेकडून आत येते. इथे किरण आतून निघून कडेकडे जातो.

मापे तीच असल्यामुळे जुन्या व नव्या यंत्राच्या आवाजात लोक सांगतात तेवढे अंतर नसते. दोन्ही धड असतील, तर डोळे मिटून ओळखणे कठीण. खरा फरक पडतो तो स्पीकरने आणि खोलीने. जुने यंत्र जड असते, त्याचा खण कसा डौलात बाहेर येतो. मलाही ते आवडते, खोटे कशाला बोलू? पण वजन म्हणजे आवाज नव्हे.

जुन्याचे दुखणे असते ते त्याच्या डोळ्यात. कारागीर त्याला 'लेन्स' म्हणतात. वर्षानुवर्षांच्या वापराने लेसर मंदावतो, खणाचा रबरी पट्टा सैल पडतो, वंगण सुकते. पट्टा कोणीही बदलील. लेन्स त्याच जातीची मिळाली पाहिजे, आणि कित्येक नमुन्यांची आता निघतच नाही. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी कारागिराला विचारा की बाबा, याची लेन्स मिळेल का? यंत्राच्या पाठीवरची पट्टीही वाचा. जपानातल्या वापरासाठी केलेले यंत्र १०० व्होल्टचे असते. आपल्या २३० व्होल्टला तसेच जोडले, तर धूरच निघावयाचा.

दुकानात जाताना आपली सीडी बरोबर न्या, आणि पहिले गाणे ऐकून परतू नका. भरलेल्या सीडीचे शेवटचे गाणे लावा, कारण ते अगदी कडेला असते आणि थकलेली लेन्स पुष्कळदा तिथेच अडखळते. यंत्र अर्धा तास चालू द्या. तापल्यावर खोड बाहेर येते.

गुरुजींबरोबर मीही गेलो. जुन्या यंत्रावर दुकानदाराची सीडी सुरेख वाजली. गुरुजी हरखले, खिशात हात घालू लागले. मी म्हटले, "गुरुजी, थांबा. वडिलांची लावा." ती लावली. यंत्र घरघरले, थांबले, आत तबकडीच नाही म्हणाले. घरी उतरवलेल्या तबकडीत खळग्यांऐवजी रंगाचा थर असतो. काही जुनी यंत्रे ती वाचतात, काही ओळखतच नाहीत. त्यातून लेन्स थकलेली असली म्हणजे संपलेच. नव्या यंत्राने मात्र ती घेतली.

गुरुजींनी नवा घेतला. पण मी त्यांना घरी जाऊन आधी वाजवू दिले नाही. तो रंग उन्हाने, उष्णतेने विटतो. तेव्हा पहिल्यांदा शाळेतल्या संगणकावर दोन्ही तबकड्यांच्या प्रती काढून घेतल्या. संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर टाळ सुरू झाले. मधेच कोणीतरी खोकले. गुरुजी म्हणाले, "हे आमचे दादा."