मज्जापेशींतील मालवाहतूक आणि स्मृतिभ्रंश

(जागतिक अल्झायमर दिनानिमित्त २१ सप्टेंबर रोजी रुग्णालयाच्या सभागृहात प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. या विषयावर अधिकारवाणीने बोलण्याचा हक्क आपल्या मज्जाविकारतज्ज्ञांचा आहे, याची मला जाणीव आहे. तरीही विश्वस्तांच्या आग्रहावरून हे धाडस करीत आहे. कारण या विकाराचा एक पैलू भांडार आणि पुरवठा सांभाळणाऱ्या माणसाला चटकन उमगतो.

आरंभी एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी एक वयोवृद्ध गृहस्थ आपल्या बिलाच्या खिडकीवर एकाच दिवशी तीन वेळा पैसे भरण्यास आले. बिल सकाळीच भरलेले होते आणि पावती त्यांच्या खिशात होती. तिसऱ्या वेळी आपल्या कर्मचाऱ्याचा तोल सुटला व रांगेसमोर तो त्यांना नको ते बोलला. मी जवळच उभा होतो. त्या गृहस्थांना मी बाकावर नेऊन बसविले, परंतु कर्मचाऱ्याला काहीही म्हटले नाही. कारण मनातून मलाही तो म्हातारपणाचा हट्टच वाटला होता. पुढे त्यांना अल्झायमरचा विकार असल्याचे निदान झाले. आपले काय चुकले, हे समजून घेण्यासाठी मी या विषयाचे वाचन सुरू केले.

मज्जापेशीची रचना मोठी विलक्षण आहे. तिच्या मुख्य भागातून एक लांब तंतू निघतो. कंबरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारा असा तंतू सुमारे एक मीटर लांबीचा असू शकतो. पेशीला लागणारी बहुतेक प्रथिने तयार होतात मुख्य भागात, आणि त्यांची गरज असते थेट टोकाला, जिथे एक पेशी दुसरीला संदेश देते. म्हणजे कारखाना एकीकडे आणि ग्राहक दुसरीकडे, अशी ही व्यवस्था आहे.

ही वाहतूक सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून चालते. बाहेर जाणारा माल वाहून नेणाऱ्या ‘कायनेसिन’ या प्रथिनाचा शोध १९८५ साली माकुळाच्या जाड मज्जातंतूवरील अभ्यासातून लागला. त्याचे एक पाऊल ८ नॅनोमीटरचे. या हिशेबाने एक मिलिमीटर अंतर कापण्यास सव्वा लाख पावले पडतात, आणि प्रत्येक पावलागणिक ऊर्जा खर्ची पडते. टोकाकडील टाकाऊ माल व संदेश परत आणण्याचे काम ‘डायनीन’ नावाचे दुसरे प्रथिन करते. जलद वाहतुकीचा वेग दिवसाला सुमारे ४०० मिलिमीटरपर्यंत जातो. संथ वाहतूक दिवसाकाठी जेमतेम काही मिलिमीटर सरकते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. संध्या कौशिका आणि त्यांचे सहकारी सूक्ष्म कृमींच्या मज्जापेशींत अशा वाहतुकीचा आणि तिच्या कोंडीचाही अभ्यास करतात.

आता स्मृतिभ्रंशाकडे वळू. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली जर्मनीत एका रुग्ण महिलेच्या मेंदूतील दोन विकृतींचे वर्णन केले : पेशींबाहेरील साके आणि पेशींतील गुंते. या गुंत्यांतील मुख्य घटक ‘टाऊ’ नावाचे प्रथिन आहे. निरोगी पेशीत टाऊ रुळांना चिकटून त्यांना आधार देते. विकारात त्याच्यावर फॉस्फेटचा अतिरिक्त भार चढतो, ते रुळांपासून सुटते आणि त्याचे आपसांत गुंते होतात. साहजिकच रूळ कमकुवत होतात व वाहतूक विस्कळीत होते.

२००५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका संशोधनात असे दिसले की, अल्झायमरसदृश विकार असलेल्या उंदरांच्या मज्जातंतूंत माल तुंबून आलेल्या गाठी इतर खुणांच्या वर्षभराहून अधिक आधी दिसू लागतात. विकाराच्या प्रारंभीच्या अवस्थेतील माणसांच्या मेंदूतही तशाच गाठी आढळल्या. वाहतुकीतील बिघाड हे विकाराचे मूळ कारण की परिणाम, यावर शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही. मात्र दोन्ही एकमेकांना बळ देतात, असे अनेकांचे मत आहे.

भांडाराच्या नोंदवहीत इंजेक्शन शिल्लक दिसते, पण मध्यरात्री लिफ्ट बंद पडल्यामुळे ते वॉर्डात पोहोचत नाही, हा प्रसंग आपण अनुभवला आहे. वॉर्डातील परिचारिकेला आपण त्याबद्दल दोष देत नाही. मग पुरवठ्याअभावी ज्याच्या पेशींची टोके गळून पडत आहेत, त्या माणसाला दोष कोणत्या न्यायाने द्यावा? सकाळी भरलेल्या बिलाची आठवण त्याच्या मेंदूत टिकलीच नसेल, तर ‘एवढेही लक्षात राहत नाही का?’ या प्रश्नाला तो काय उत्तर देणार?

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. बिघडलेली वाहतूक पूर्ववत करणारे औषध आज कोणाच्याही हाती नाही. मेंदूतील साके कमी करणारी नवी औषधे विकाराची गती काही प्रमाणात मंदावतात, बरा करीत नाहीत. परंतु विसरभोळेपणा प्रत्येक वेळी अल्झायमरचाच असतो असेही नाही. ब जीवनसत्त्वाच्या बारा क्रमांकाच्या प्रकाराची कमतरता किंवा थायरॉइडचा विकार असेल, तर उपचाराने फरक पडू शकतो. म्हणून ‘वय झाले’ असे म्हणून घरी बसू नका, वेळेवर तपासणी करून घ्या, अशी आप्तेष्टांना माझी कळकळीची विनंती आहे.

आपल्यापुरते सांगायचे, तर आता बिलाच्या खिडकीशी खुर्ची ठेवली आहे. अशा रुग्णाच्या केसपेपरवर नातेवाइकाचा दूरध्वनी क्रमांक ठळक लिहिला जातो, आणि तोच प्रश्न चौथ्यांदा आला तरी पहिल्यांदा आल्याप्रमाणे उत्तर द्यावे, अशी सूचना सर्व कर्मचाऱ्यांना दिली आहे. या गोष्टींना खर्च जवळजवळ नाही. त्या गृहस्थांची क्षमा मागण्याची संधी मला मिळाली नाही. त्यांच्यासारखा दुसरा कोणी खिडकीशी आला, तर आपल्याकडून तीच चूक पुन्हा होऊ नये, एवढेच मागणे आहे.