दुःख आणि दुखणे



आम्ही मानसशास्त्राचे पंडित नव्हे. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे जे शिकलो ते कारखान्याच्या फाटकाशी आणि सार्वजनिक वाचनालयात. तेथे पाहिले ते एवढेच, की यंत्रात कामगाराचा हात सापडला तर चारजण त्याला उचलून दवाखान्यात नेतात. परंतु त्याच कामगाराची बायको गेली आणि तो आतून खचला, तर तेच चारजण म्हणतात, "मन घट्ट कर!"

दुःख हा आजार नव्हे, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. जवळचे माणूस गेल्यावर रडू यावे, अन्न गोड लागू नये, झोप उडावी, हे स्वाभाविकच आहे. हे दुःख लाटांसारखे येते. मधूनच गेलेल्याची आठवण निघून हसूही येते. फ्रॉइडने १९१७ साली यातला भेद दाखविला: शोकात जग ओसाड वाटते, विषण्णतेत स्वतःचा जीवच कवडीमोल वाटू लागतो.

मग दुखणे कधी समजावे? दोन आठवडे, बहुतेक रोज, दिवसभर मन उदास राहते, कशातच गोडी वाटत नाही. सोबत झोप, भूक आणि लक्ष बिघडते, आपण निरुपयोगी आहोत असे वाटते, मरणाचे विचार येतात, तेव्हा डॉक्टर गाठलाच पाहिजे. पुरुषांत हे पुष्कळदा चिडचीड, दारू आणि खाडे या रूपाने दिसते. संघटनेकडे गैरहजेरीचे आरोपपत्र येते. खोदून पाहावे तर मुळाशी घरातला मृत्यू असतो.

"येरवड्याला नाहीतर ठाण्याला धाडतील," ही भीती अनेकांना अडवते. वास्तविक बहुतेकांना रुग्णालयात राहावे लागतच नाही. नेहमीच्या डॉक्टरांपासून आरंभ करावा. थायरॉईड किंवा रक्तक्षय यांनीही असाच थकवा येतो, तो तपासता येतो. पुढे जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञ आहेत. उपचार दोन प्रकारचे: समुपदेशन आणि औषधे. औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. दारूसारखे त्यांचे व्यसन लागत नाही, मात्र ती आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत. दारू तर उदासी वाढवतेच.

हे उपचार म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी सेवेत उपचार मिळणे हा हक्क ठरविला आहे. २०२२ साली सुरू झालेली टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतूनही मिळते.

आता शेजाऱ्यापाजाऱ्यांचे कर्तव्य. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले असते; चौदाव्या दिवशी ते रिकामे होते. आपण त्यानंतर जावे. "जीव द्यावासा वाटतो का?" असे सरळ विचारावे, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आले तर त्या माणसाला एकटे सोडू नये, त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. एरवीही नुसता पत्ता सांगून भागत नाही. खचलेल्या माणसाला चिठ्ठी काढण्याच्या रांगेत उभे राहणेही जड जाते. एक दिवसाची रजा टाकावी आणि त्याच्याबरोबर त्या रांगेत उभे राहावे.